गुलाबाचं मेण

गुलाबाचं अस्सल तेल पहिल्यांदा हुंगणाऱ्याचा चेहरा पडतो, हे मी नोकरीभर पाहिलं. लोक डोळे मिटून छातीभर वास घेतात आणि मग शंकेने माझ्याकडे बघतात. "मॅडम, हे गुलाबाचंच ना?" त्यांचंही चुकत नाही. बाटलीतल्या त्या दाट वासात मध असतो, मिरीसारखा तिखटपणा असतो, मोडलेल्या देठाचा कच्चा वास असतो. लग्नात अंगावर शिंपडतात तो गुलाब त्यात कुठेच सापडत नाही. मग मी त्याच तेलाचा एक थेंब भरपूर स्पिरिटमध्ये सोडायचे, कागदाची पट्टी त्यात बुडवून हवेत हलवायचे आणि पाहुण्याला जरा थांबायला सांगायचे. स्पिरिट उडून गेलं की तो हसायचा. तेवढ्या हसण्यासाठी मी रहाटणीहून चाकणपर्यंतचा प्रवास रोज केला असं म्हटलं तरी चालेल.

आमची कंपनी वास तयार करायची, मी तिच्या लॅबमध्ये माल तपासायचे. स्वतःच्या नावाने काही विकायची नाही. अगरबत्तीवाले, साबणवाले, केसांच्या तेलाचे आणि अत्तरांचे व्यापारी आमच्याकडे यायचे आणि आपापल्या भाषेत वास मागायचे. एका धूपवाल्यांना देवळाचा वास हवा होता, "पण मॅडम, गर्दी नसलेल्या देवळाचा." एका साबणवाल्यांनी सांगितलं, "बाई माहेरी आल्यावर आंघोळ करते तसं वाटलं पाहिजे." अशा मागण्यांतून आम्ही पंचवीस-तीस घटकांचं मिश्रण जुळवायचो. ते मोठ्या पातेल्यांत तयार होऊन पिंपांतून जायचं. संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्याला त्या दिवशीचा माल कळायचा. "ताई, लग्नाला निघालात का?" असं एका कंडक्टरने विचारलं होतं. त्या दिवशी मोगरा होता. फिनेलच्या दिवशी मात्र शेजारची जागा रिकामीच राहायची.

बाजारातला बहुतेक गुलाब कारखान्यात जन्मतो. त्यात फसवणूक नाही. साबणाला तोच परवडतो आणि तोच टिकतो. खऱ्या गुलाबाच्या पाकळ्यांचे ढीगच्या ढीग भट्टीत उकळावे तेव्हा हाताला लागतं ते मुठीत मावेल एवढ्या बाटलीतलं तेल. ते चांदीपेक्षा महाग असतं, म्हणून आमच्या स्टोअरमध्ये त्याचा एकच डबा असायचा आणि त्या डब्याचं एकच गिऱ्हाईक होतं. ते म्हणजे सोलापूरचे अत्तारचाचा.

चाचांचं घराणं पिढ्यान् पिढ्या अत्तरं विकणारं. ते दर खेपेला स्वतः येऊन वास घेतल्याशिवाय माल उचलायचे नाहीत. आदल्या दिवसापासून कांदा-लसूण बंद, चहासुद्धा नाही. आमच्या कागदी पट्ट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. खिशातून कापसाचा फाया काढायचे, त्याला वास लावायचे आणि कानाच्या पाळीत खोचून कंपनीच्या आवारात एक चक्कर मारायचे. परत येईपर्यंत कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. नव्या सिक्युरिटीवाल्याने एकदा त्यांना अडवलं, तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, मी ड्यूटीवर आहे."

आमच्या स्टोअरचे प्रमुख होते तात्या. चाकणजवळच्या गावचे. कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनचे. त्यांच्या घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आणि आमची कंपनी त्याच पट्ट्यात उभी राहिली. "मॅडम, तुमची लॅब हाय ना, तितं आमची चिंच हुती," असं ते मला नवीन असताना म्हणाले होते. सांगताना कडवटपणा नव्हता. चिंचेची आठवण काढावी तशी काढली. पुढे 'मॅडम'ची 'ताई' झाले मी. महागड्या मालाची कुलपं त्यांच्याकडे असत, आणि इतक्या वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता.

मी खानदेशातल्या एका लहान गावची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजूबाजूच्या डोंगरात रोशा गवत व्हायचं, त्याचं तेल गाळायच्या भट्ट्या होत्या. रोशाच्या तेलाला गुलाबाच्या जवळचा वास असतो, हे मला पुस्तकाआधी नाकाने सांगितलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे सर होते. प्रयोगशाळेत धड काचनळ्या नव्हत्या, मोठ्या यंत्रांचं तर नावच नको. पण सर खडूने फळ्यावर यंत्रातून निघणारे आलेख काढायचे, अगदी शिखरांच्या उंचीसकट, आणि आम्हाला विचारायचे, "सांगा, बाटलीत काय होतं?" न पाहिलेल्या यंत्राचे आलेख मी वाचायला शिकले ते असे. पुढे चाकणला खरं यंत्र समोर आलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. सरांचे उपकार मी मोजू शकत नाही. ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्यात तर ते माझ्या शेजारी उभे होते असंच मी मानते.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. कंपनीने नवी शीतखोली बांधली होती. परदेशी गिऱ्हाइकं मिळवायची तर महाग तेलं गार ठेवली पाहिजेत, असं तपासणीला आलेल्या लोकांनी सांगितलं होतं. नारळ फुटला, पेढे वाटले. गुणवत्ता विभागात निखिल नावाचा मुलगा नव्याने आला होता. पुण्यात शिकलेला, हुशार, कामाला वाघ. त्याने तपासणीवाल्यांच्या सूचनेप्रमाणे नियम लावले: गुलाबाचा डबा उघडायचा नाही, गरम करायचा नाही, तळापर्यंत गेलेल्या नळीतूनच तेल काढायचं. नळीच्या टोकाला बारीक जाळी. उघडझाप केल्याने वास उडतो, हवा लागून तेल बिघडतं, म्हणून ही काळजी. नियमात चूक काढावी असं कुणालाच काही दिसलं नाही. मलाही नाही.

त्या वर्षीचा डबा अत्तारचाचांच्या मालासाठी थोडा थोडा वापरायचा होता. पहिल्या खेपेला चाचा आवारात चक्कर मारून आले आणि खुर्चीत बसून राहिले. "बेटी, असा गुलाब मी वीस वर्षांत उचलला नाही." पुढच्या खेपाही तशाच. आमच्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, शीतखोलीचं कौतुक येईल त्याला ऐकवायला सुरुवात केली. निखिल लाजून म्हणायचा, "सर, सिस्टिम लावली की रिझल्ट येतोच."

डब्यातलं शेवटचं तेल उरलं तो मे महिना होता. आमच्याकडे गुरुवारी कारखाने बंद असतात, त्या दिवशी कधीमधी वीजही दुरुस्तीसाठी जाते. त्या गुरुवारी दिवसभर गेली. शुक्रवारी सकाळी तात्यांनी तेल काढून दिलं, मिश्रण झालं, मुरायला ठेवलं. आठवड्याभराने अत्तारचाचा आले. मी पट्टी बुडवली, त्यांनी फाया. ते चक्कर मारायला गेलेच नाहीत. दारातूनच परत फिरले आणि फाया टेबलावर ठेवला.

"बेटी, ह्यात गुलाब कुठं आहे?"

 माझ्या हातातली पट्टीही तेच विचारत होती. वास होता, पण भिंतीपलीकडून यावा तसा.

निखिलने डब्यातलं उरलंसुरलं तेल यंत्रात घातलं. जीसी म्हणतात त्या यंत्राला. तेलातले घटक ते एकेक करून वेगळे करतं आणि प्रत्येकाचं एक शिखर कागदावर काढतं. गुलाबाच्या वासाची शिखरं बसकी झाली होती. आणि जिथे मेण दिसतं तिथे उंचच उंच शिखरं उभी होती.

"मेण घातलंय, मॅडम," निखिल म्हणाला.  "भेसळीचा जुना प्रकार आहे हा. तेल काढून घ्यायचं आणि वजन भरायला मेण वितळवून ओतायचं. वजनात फरकच पडत नाही."

तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनकडून कळलं की त्या गुरुवारी सुट्टी असूनही तात्या कंपनीत आले होते. एकटेच. स्टोअर उघडलं होतं.

साहेबांनी तात्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी आणि निखिल तिथेच होतो.

"तात्या, गुरुवारी आला होता?"

"व्हय साहेब."

"कशाला?"

"लाइट गेल्याली. म्हनलं गार खोलीत कोंडून माल खराब व्हईल. गुलाबाचा डबा भायेर काढून स्टोअरात ठिवला. सकाळी त्यातलंच काढून दिलं."

"डबा हलवायचा नाही असा नियम आहे."

"हाय की. पर लाइट नसताना खोली म्हंजी भट्टीच. नियम लिवला तवा लाइट हुती."

एरवी साहेब हसले असते. त्या दिवशी ते टेबलावरचा आलेख सरळ करत राहिले. "तात्या, डब्यात मेण निघालंय."

तात्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निखिलकडे पाहिलं, आणि कमरेची किल्ल्यांची जुडी सोडून टेबलावर ठेवली.

"साहेब, मी मेन घातलं आसंल तर माज्या घरात दिवा लागू नये." एवढंच बोलले. आवाज वर गेला नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण माल महागाचा, गिऱ्हाईक जुनं, आणि कागदावर मेण दिसत होतं. त्यांनी तात्यांना घरी बसायला सांगितलं आणि सोमवारी पोलिसांत तक्रार देऊ म्हणाले. तात्यांची निवृत्ती जवळ आली होती. ज्या गावात त्यांचं नाव घेऊन लोक मुलांना नोकरीला लावायचे, त्या गावात पोलिसांची गाडी येणार होती. नंतर काही सिद्ध होवो न होवो, गाडी आली की झालं. गाव पुढचं ऐकायला थांबत नाही.

अत्तारचाचा सोलापूरला परत गेले नाहीत. दापोडीत त्यांचा भाचा राहायचा, त्याच्याकडे मुक्काम ठोकला. मला म्हणाले, "तो माणूस चोर असेल तर माझ्या नाकाने आजवर माणसं चुकीची हुंगली. माझा गुलाब कुठं गेला ते कळेपर्यंत मी हलत नाही."

शनिवारी मी लॅबमध्ये तो आलेख घेऊन बसले. तात्या असं करणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. पण माझं माहीत असणं साहेबांच्या टेबलावर ठेवता येत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा मेणाची शिखरं बघत होते. कुठेतरी मनाला टोचत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. शिखरं उंच होती, पण विरळ होती. एक शिखर, मग मोकळी जागा, मग शिखर, मग मोकळी जागा.

आणि मला फळा दिसला.

मेण म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. मेणबत्तीचं मेण खनिज तेलातून निघतं. त्यात एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस अशा सगळ्या लांबीच्या साखळ्या ओळीने असतात. झाडं मात्र मेण बनवतात ते जवळजवळ सगळं विषम आकड्यांचं: एकोणीस, एकवीस, तेवीस. मधले सम आकडे नावापुरते. सर फळ्यावर दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढायचे. "पोरांनो, सलग दात्यांचा कंगवा दिसला तर ते जमिनीखालचं. एकाआड एक दात पडलेला म्हातारा हसताना दिसला तर ते झाडाचं." वर्गात हशा व्हायचा, कारण सरांच्या स्वतःच्या दातांचीही तीच अवस्था होती.

माझ्या समोरचा आलेख दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा हसत होता.

मी कँटीनमध्ये गेले. लाइट जाते म्हणून तिथे मेणबत्त्या असतात, त्यातली एक आणली. तिचा तुकडा विरघळवून यंत्रात घातला. सलग कंगवा आला, एकही दात पडलेला नाही. म्हणजे डब्यातलं मेण बाहेरून आलेलंच नव्हतं. ते गुलाबाचंच होतं. गुलाबाच्या तेलात मेण जन्मतःच असतं. त्याला वास जवळजवळ नसतो, थंडीत ते गोठतं. हे तर मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मग प्रश्न उरला तो एवढाच, की शेवटच्या तेलात ते इतकं जास्त कसं?

याचं उत्तर आमच्याच कपाटात होतं. डबा आला तेव्हाचा आणि प्रत्येक खेपेचा थोडासा नमुना आम्ही राखून ठेवतो. मी ते सगळे यंत्रात घातले. डबा आला तेव्हा तेलात होतं तेवढं मेण पहिल्या खेपांमध्ये नव्हतंच. ज्या गुलाबाला चाचांनी वीस वर्षांतला सर्वांत उत्तम म्हटलं, त्यात मेण अगदी नावाला होतं. पहिल्या खेपांतून गायब झालेलं मेण शेवटच्या तेलात येऊन बसलं होतं.

मी निखिलला फोन केला. तो शनिवारी घरी असायचा, पण वाकडहून बाइकवर आला. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त आलेख ओळीने मांडले. त्याने ते पाहिले, मेणबत्तीचा पाहिला, आणि पहिल्या खेपेचा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "मॅडम, शीतखोली."

"हो."

"मेण गोठून वर तरंगत होतं. आपण नळीने खालचं पातळ तेवढं काढत राहिलो. शिवाय नळीला जाळी लावली होती मीच, की कचरा येऊ नये."

"आणि गुरुवारी डबा मे महिन्यात स्टोअरच्या पत्र्याखाली आला."

"आणि सगळं वितळून नळीतून बाहेर आलं." त्याने डोकं धरलं. "म्हणजे सिस्टिमचा रिझल्ट म्हणून आपण मिरवलं, तोच झोल होता."

पूर्वी दर वेळी डबा उघडूनच तेल काढायचं. थंडीत तेल गोठलेलं सगळ्यांना दिसायचं, मग तो कोमट पाण्यात ठेवून, पूर्ण वितळवून, हलवूनच वापरायचा. बंद डबा आणि नळी आली तेव्हा आतलं कुणाला दिसेना. इतकंच झालं होतं. पण आलेखांवर साहेब विश्वास ठेवतील का, याची मला खात्री नव्हती. कागदाने माणूस चोर ठरवला होता, तेव्हा नुसत्या कागदाने तो सुटावा हे मला पुरेसं वाटेना. मला ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये मी एका स्टीलच्या पेल्यात पाणी आणि कँटीनचा बर्फ घेऊन गेले. डबा आला तेव्हाचा राखीव नमुना एका छोट्या काचेच्या कुपीत होता. पिवळसर, पाण्यासारखा नितळ. तात्यांना बोलावून घेतलं होतं. ते दाराजवळ उभे राहिले, खुर्चीवर बसायला तयार नव्हते. अत्तारचाचा खिडकीशी बसले होते, दोन दिवस कांदा न खाता.

मी कुपी पेल्यात धरली. साहेब घड्याळ बघू लागले. थोड्या वेळाने तेलात काहीतरी चमकलं. मग वरच्या बाजूला बारीक, पातळ, पिसांसारखे पापुद्रे धरू लागले आणि खाली नितळ तेल राहिलं. साहेब खुर्चीतून उठून वाकले. मी बारीक नळीने खालचं पातळ तेल जवळजवळ सगळं ओढून घेतलं. त्याचा थेंब स्पिरिटमध्ये घालून एक फाया भिजवला.

मग कुपी तात्यांच्या हातात दिली. "तात्या, मुठीत धरा. सोडू नका."

"फुटंल ना, ताई."

"नाही फुटत."

त्यांनी मूठ वळली. माझ्या हातापेक्षा त्यांचा हात गरम असणार, एवढाच माझा हिशोब होता. ते दाराशी मूठ छातीजवळ धरून उभे राहिले. केबिनमध्ये एसी चालू होता. निखिल उठला आणि त्याने एसी बंद केला. तात्यांनी मूठ उघडली तेव्हा पिसं गेली होती. कुपीत पुन्हा नितळ, पिवळसर तेल होतं. डोळ्यांना पहिल्यासारखंच. त्याचाही थेंब मी तेवढ्याच स्पिरिटमध्ये घातला आणि दुसरा फाया भिजवला.

दोन्ही फाये चाचांना दिले. कोणता कुठला ते सांगितलं नाही. ते एकेक कानात खोचून बाहेर गेले, आवारात दोन चकरा मारल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. परत येऊन त्यांनी पहिला फाया साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हा माझा पहिल्या खेपेचा. वीस वर्षांतला अव्वल." मग दुसरा ठेवला. "आणि हा परवाचा, मेलेला. दोन्ही एकाच बाटलीतून काढले का, बेटी?"

"एकाच बाटलीतून, चाचा. तुमच्यासमोर."

साहेबांनी काही वेळ त्या दोन फायांकडे पाहिलं. मग टेबलाला वळसा घालून ते तात्यांकडे गेले. शुक्रवारपासून ड्रॉवरमध्ये पडलेली किल्ल्यांची जुडी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

"तात्या, चूक आमची झाली. माफ करा."

तात्यांनी जुडी घेतली नाही. "निकीलला इचारा आदी. त्याचं म्हननं काय हाय?"

निखिल पुढे झाला. मला वाटलं हात जोडेल. तो वाकून पाया पडला. तात्यांनी त्याला अर्ध्यातच धरलं. "ऊठ, ऊठ. मशीन बोललं त्ये तू वाचलंस. तुजा काय दोस." मग कुपीकडे बोट दाखवून म्हणाले, "पर मर्दा, यक डाव डबा उघडून बघायचा हुतास की."

त्या दुपारी किल्ल्या पुन्हा तात्यांच्या कमरेला होत्या, आणि साहेबांनी जीपमधून त्यांना स्वतः गावात सोडलं. वेशीपाशी नाही, मधल्या चौकात, पारावर माणसं बसलेली असतात तिथे. ही सूचना माझी होती. एवढी बढाई मला मारू द्या.

चाचांचं मात्र समाधान झालं नव्हतं. आता डबा नीट वितळवून, हलवून, पूर्वीसारखा माल मिळेल असं साहेब त्यांना समजावत होते. चाचा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, पूर्वीचा नको. मला तुमची चूक पाहिजे. यापुढे चुकीचाच माल द्या."

सगळे हसले, पण मी हसले नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मेण काढलेला गुलाब स्पिरिटमध्ये गढूळ होत नाही, वास मोकळा सुटतो. आमच्या हातून जे अपघाताने झालं ते मुद्दाम आणि मोजून करता आलं असतं. साहेबांनी मला ते करायला सांगितलं. तोवर कंपनीत नवा वास रचण्याचं काम बाहेर शिकून आलेल्या लोकांचं होतं, मी तपासणारी. गार करून, गाळून, उरलेल्या तेलाभोवती बाकीचे घटक पुन्हा नव्याने जुळवत मी तो पावसाळा घालवला. एक घटक मी हट्टाने घातला, अगदी थेंबभर: आमच्या डोंगरातलं रोशाचं तेल. चाचा आले, फाया खोचला, चक्कर मारली आणि परत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. येऊन म्हणाले, "ह्याचं नाव हिवाळी गुलाब." त्या मिश्रणाच्या कागदावर रचनाकार म्हणून माझं नाव लागलं. पहिली बाटली मी सरांना पाठवली. त्यांचा फोन आला. "सम आकडे किती टक्के आले?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. "ठीक," म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी जरा थांबले. ते थांबणं मी जपून ठेवलं आहे. हिवाळी गुलाब आजही बनतो. मी निवृत्त झाले तरी बनतो.

एक सल मात्र राहिला. त्या प्रकारानंतर तात्या शीतखोलीत कधी एकटे गेले नाहीत. कुणीतरी सोबत घ्यायचे. कधी निखिल, कधी झाडूवाली मावशी, कुणी नसलं तर मला हाक. "ताई, जरा दारात हुबं ऱ्हावा." ज्या माणसाच्या विश्वासावर ती कुलपं इतकी वर्षं होती, त्याला आता साक्षीदार लागत होता. साहेबांची माफी खरी होती, चौकात सोडणं खरं होतं, पण हे काही भरून निघालं नाही.  हाक आली की आम्ही दारात उभे राहायचो.

तेल गाळून उरलेलं मेण मी टाकू दिलं नव्हतं. पांढरट, मऊ, जवळ नेलं तर अगदी पुसट गुलाब. तात्यांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळासोबत निखिलने त्याचा एक गोळा स्टीलच्या डबीत घालून त्यांना दिला. भाषण त्याला जमलं नाही. "तात्या, हे तुमचं," एवढं म्हणून तो खाली बसला.

गेल्या दिवाळीत मी फराळ घेऊन त्यांच्या घरी गेले होते. ओसरीवर पणत्या, अंगणात नातवंडं. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर, नोकरीत असताना ते स्टोअरच्या किल्ल्या ठेवायचे त्या जागी, ती डबी ठेवलेली होती, हळदकुंकू वाहिलेली. धाकट्या नातीने ती उघडून हुंगली आणि म्हणाली, "आबा, ह्याची मेणबत्ती करू या ना. सगळं घर गुलाबाचं होईल."

तात्यांनी डबी तिच्या हातून घेतली, झाकण लावलं आणि पुन्हा चौरंगावर ठेवली.

"न्हाई गं बाय," ते म्हणाले. "साक्षीदाराला कुनी जाळतं व्हय?"